ट्रेंच गन समजून घ्यायची तर आधी काडतूस बघा

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं विंचेस्टर 1897 ही पंप शॉटगन (पुढची मूठ मागे-पुढे करून काडतूस भरायची, छर्ऱ्यांची बंदूक) 'ट्रेंच गन' म्हणून खंदकांत उतरवली आणि जर्मनीनं तिच्याविरुद्ध सरकारी पातळीवर निषेध नोंदवला. ज्या सैन्यानं विषारी वायू सोडला त्याला एका शिकारी बंदुकीचा एवढा त्रास का व्हावा? ती बेकायदा होती का? फेकलेले हातबाँब ती हवेतल्या हवेत उडवायची, हे खरं का? आणि एवढी परिणामकारक होती तर तिनं रायफलची जागा का घेतली नाही?

चारही प्रश्नांची उत्तरं देतो. ट्रेंच गनचा विषय निघाला की लोक पंपाबद्दल बोलतात, संगिनीबद्दल बोलतात, नळीवरच्या भोकाभोकांच्या पत्र्याबद्दल बोलतात. माझा धंदा बारा बोअरच्या बंदुका दुरुस्त करण्याचा. या कामात एवढी वर्षं गेल्यावर माझं मत पक्कं झालंय की या बंदुकीच्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक वळणावर निकाल काडतुसानं लावला. बंदूक का बदलली, चिखलात का अडली, जर्मनांनी कशावर बोट ठेवलं, पुढे तिला मर्यादा कुठे पडली, या सगळ्याची उत्तरं काडतुसात सापडतात.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. विंचेस्टर 1897 ही जगातली पहिली पंप शॉटगन नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धात ज्याची रिपीटर रायफल गाजली त्या क्रिस्टोफर स्पेन्सरनं 1880च्या दशकात पंप शॉटगन बाजारात आणली होती. धंदा म्हणून चाललेली पहिली पंप शॉटगन तीच. विंचेस्टरकडे तेव्हा जॉन मोझेस ब्राउनिंग यांची डिझाइन्स येत होती. युटा प्रांतातल्या ऑग्डेनचा हा माणूस, वडीलही बंदुका करणारेच. त्यांच्या आराखड्यावर विंचेस्टरनं 1893 साली आपली पंप शॉटगन काढली. ती काळ्या दारूच्या काडतुसासाठी होती.

आणि इथेच काडतुसानं पहिला दणका दिला. त्याच सुमारास बिनधुराची दारू आली. काळ्या दारूचा दाब कमी, बिनधुराच्या दारूचा जास्त. गिऱ्हाईक दुकानातून नवी काडतुसं घेणार आणि जुन्या बंदुकीत घालणार, हे कुणालाच थांबवता येत नाही. आजही येत नाही. 1893ची चौकट त्या दाबाला पुरी पडेना. मग ब्राउनिंगचंच डिझाइन भक्कम करून 1897चं मॉडेल काढलं: चौकट जाड केली, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, पावणेतीन इंची काडतुसासाठी केलं, आणि रिकामं काडतूस वरून न फेकता उजव्या बाजूनं फेकलं जाईल अशी रचना केली. कंपनीनं जुन्या 1893 परत घेऊन त्याबदली नव्या दिल्या. साधी 1897 तेव्हा 25 डॉलरला मिळत असे. 1897 ते 1957 अशी साठ वर्षं ती बनत राहिली आणि दहा लाखांच्या वर खपली. त्यातल्या बहुतेक बदकांच्या नि सशांच्या शिकारीला गेल्या. सैन्यात गेल्या त्या फार थोड्या.

ही बंदूक हातात कशी वाटते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे जुन्या संस्थानिकांच्या नि शिकाऱ्यांच्या घरांतून अशा विंचेस्टर अधूनमधून दुरुस्तीला येतात. मागे बाहेरचा घोडा असतो, जुन्या दुनळीसारखा. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की बोल्ट चौकटीच्या मागून सरळ बाहेर येतो, अंगठ्याच्या बेचक्याच्या अगदी वरून, आणि जाता जाता घोडा चढवतो. हात जरा वर धरला असेल तर बेचक्यातलं कातडं निघतं. ही बंदूक वापरलेल्या माणसाच्या हातावर ती खूण बहुधा असतेच. त्याच वेळी खालून काडतूस उचलणारा पाळणा बाहेर डोकावतो. मूठ पुढे ढकलली की काडतूस चेंबरमध्ये, बोल्ट बंद, घोडा चढलेला. वेगळा सेफ्टी खटका नाही. सुरक्षित ठेवायची तर घोडा अर्ध्यावर आणून ठेवायचा, एवढीच सोय. ते करताना अंगठा तेलकट असता कामा नये.

आणखी एक गोष्ट. चाप एकदा ओढला की पुढच्या बारासाठी तो सोडून पुन्हा ओढावा लागतो, कारण बहुतेक आधुनिक बंदुकांत चाप आणि घोडा यांच्यातला दुवा तोडणारा एक छोटा भाग असतो. 1897मध्ये तो भाग नाही. चाप दाबून धरला आणि नुसती मूठ मागे-पुढे केली तरी बोल्ट बंद होताक्षणी घोडा पडतो आणि बार होतो. मॅगझिनमध्ये पाच, चेंबरमध्ये एक. सरावाचा माणूस ही सहाही काडतुसं काही सेकंदांत रिकामी करू शकतो. ही काही लष्करानं मागून घेतलेली करामत नव्हती, त्या काळच्या रचनेतच ते होतं. शिकारीत तिचा काही उपयोग नाही. दुरुस्तीच्या टेबलावर तर ती धोक्याचीच. अशी बंदूक हातात घेतली की डमी काडतुसाशिवाय मी पंप करत नाही. पण समोर तीस पावलांच्या आत माणसं धावत येत असतील तर मात्र तिचा अर्थ बदलतो.

हा अर्थ अमेरिकी सैन्याला फ्रान्समध्ये पहिल्यांदा कळला असं नाही. 1899 नंतर फिलिपाइन्समध्ये, विशेषतः दक्षिणेकडच्या मोरो टापूत, दाट झाडीत अगदी जवळून हल्ले होत. लांब नळीची रायफल तिथे वेळेत वळतच नसे. तेव्हा 200च्या आसपास पंप शॉटगन घेतल्या गेल्या, नळी कापून आखूड केलेल्या. 1916मध्ये जनरल पर्शिंग यांची फौज पांचो व्हिया या मेक्सिकन बंडखोराच्या मागावर मेक्सिकोत शिरली तेव्हाही काही 1897 सोबत होत्या. म्हणजे 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा जवळच्या लढाईला शॉटगन चांगली, हे ज्यांनी स्वतः पाहिलं होतं असे अधिकारी फौजेत होते. पर्शिंग तर आता फ्रान्सला जाणाऱ्या सगळ्या फौजेचेच सेनापती होते.

पश्चिम आघाडीवरचे खंदक सरळ रेषेत खणलेले नसत. थोड्या थोड्या अंतरावर काटकोनात वळण दिलेलं असे. एका टोकाला शत्रू घुसला तर त्याला संपूर्ण खंदक गोळीनं झाडता येऊ नये आणि एका ठिकाणी तोफगोळा पडला तर स्फोट तिथेच अडावा, यासाठी. त्यामुळे रात्री छापा घालून शत्रूच्या खंदकात शिरलेल्या माणसाला समोरचं वळण आणि त्यापलीकडचा माणूस यांमध्ये जेमतेम काही मीटर मिळत. रायफलची 800 मीटरची ताकद तिथे कामाची नाही. तिचा बोल्ट फिरवायलाही वेळ नाही. असे छापे या युद्धात अगदी लवकर सुरू झाले. नोव्हेंबर 1914मध्ये आपल्या गढवाल रायफल्सच्या जवानांनी घातलेला छापा सगळ्यांत सुरुवातीच्या छाप्यांपैकी मानला जातो, आणि त्या जवानांकडे असं कुठलंही हत्यार नव्हतं. पुढे छाप्यांसाठी गदा, खंजीर, कुदळीचे दांडे, काय काय वापरलं गेलं. त्या जागेला साजेसं हत्यार सगळेच शोधत होते.

अमेरिकेनं जे केलं ते साधंच. 20 इंची नळीची, तोंड न आवळलेली, म्हणजे छर्रे मोकळे पसरू देणारी, 1897 घेतली. नळीवर भोकं पाडलेला पोलादी पत्रा बसवला, म्हणजे पाठोपाठ बार काढून तापलेली नळी हातानं पकडता येईल. संगीन लढवायची तर पुढचा हात नळीवरच येतो, म्हणून हा पत्रा लागतो. आणि पुढे एक कडी-खोबणीचा जोड, ज्यावर 1917च्या एनफील्ड रायफलची संगीन चढायची. ती संगीन साधारण 17 इंच पात्याची, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या नळीएवढी. युद्ध संपेपर्यंत विंचेस्टरनं अशा 20 हजारांच्या आसपास बंदुका पुरवल्या. रेमिंग्टनच्या मॉडेल 10च्याही काही हजार घेतल्या गेल्या. लाखो रायफलींपुढे ही संख्या किरकोळ आहे, हे लक्षात ठेवा. बहुतेक अमेरिकी सैनिकांनी ट्रेंच गन युद्धात हातातही घेतली नाही. ती काही छापा घालणाऱ्यांकडे, काही पुढच्या चौक्यांवर आणि बरीच कैद्यांवर पहारा करणाऱ्यांकडे होती.

आता काडतूस. लष्करी काडतुसात 00 मापाचे नऊ छर्रे. प्रत्येक छर्रा 8.4 मिलिमीटरचा, साडेतीन ग्रॅमचा. आपल्याकडच्या परवानाधारकांना ओळखीच्या शब्दांत सांगायचं तर एस.जी.च्या बरोबरीचा. म्हणजे एका बारात नऊ छोट्या गोळ्या, आणि सहा बारांत 54. आवळ नसलेल्या नळीतून हे छर्रे किती पसरतात याचा आम्ही ठोकताळा वापरतो: दर यार्डाला सुमारे एक इंच. वीस यार्डांवर पसारा अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण माणसाच्या छातीएवढा. तिथवर ही बंदूक भयंकर आहे. चाळीस यार्डांच्या पुढे नऊपैकी एखाद-दुसरा छर्रा लागला तर लागला. गोल शिशाचा छर्रा वेगही झपाट्यानं हरवतो. टोकदार गोळीसारखा तो हवा कापत नाही.

आणि हे काडतूस कागदाचं होतं. तळाला पितळ, वर गुंडाळलेल्या कागदाची नळी. आमच्या धंद्यातल्या कुणालाही पावसाळ्यात कागदी काडतुसाचं काय होतं ते विचारा. कोकणातल्या जुन्या परवानाधारकांकडे प्लॅस्टिकच्या आधीची काडतुसं अजून कधी कधी निघतात, पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली. दमट हवा शोषून कागद फुगलेला असतो. बोटांत धरलं तर गोलाई हरवल्याचं जाणवतं, तोंडाशी दुमडलेली कड उकललेली असते. असं काडतूस चेंबरात अर्धं जाऊन बसतं. दुनळी असेल तर निदान बोटांनी ओढून काढता येतं. पंप बंदुकीत ते अडकलं की मूठ पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आणि खाली पाळण्यावर दुसरं काडतूस वाट बघत असतं. ते सोडवायचं म्हणजे बंदूक मांडीवर घेऊन, चांगल्या उजेडात, सावकाश करायचं काम.

फ्रान्समधल्या खंदकात कोकणच्या पावसाळ्याहून वाईट स्थिती होती. पाणी, चिखल, आणि ते काडतूस सैनिकाच्या खिशात किंवा कापडी पिशवीत. अंधारात, समोर शत्रू असताना, फुगलेलं काडतूस चेंबरात अडकणं म्हणजे हातात एक महागडी काठी उरणं. सैन्यातून तक्रारी गेल्या आणि संपूर्ण पितळी काडतुसं मागवली गेली. पण ती आघाडीवर पोचेपर्यंत युद्ध आटोपत आलं होतं. मला या बंदुकीच्या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. ज्या हत्याराची एवढी दहशत सांगतात ते हत्यार त्या युद्धात बहुतांश काळ चुकीच्या काडतुसानिशी लढलं.

आता जर्मनीचा निषेध. 21 जुलै 1918 रोजी लोरेनमधल्या बाकारा गावाजवळ अमेरिकेच्या 77व्या डिव्हिजनचा एक सैनिक शॉटगनसह जर्मनांच्या हाती लागला. 11 सप्टेंबरला विलेर-आं-ए इथे 5व्या डिव्हिजनमधला आणखी एक. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जर्मन सरकारनं स्वित्झर्लंडमार्फत अमेरिकेला कळवलं की शॉटगनचा वापर युद्धनियमांविरुद्ध आहे, आणि ज्या युद्धकैद्याकडे अशी बंदूक किंवा तिची काडतुसं सापडतील त्याचा जीव त्यानं गमावला असं समजावं. साध्या शब्दांत, त्याला ठार मारू. आधार दिला होता 1907च्या हेग नियमावलीतल्या कलम 23(ई)चा. अनावश्यक यातना होतील अशी हत्यारं, अस्त्रं किंवा सामग्री वापरू नये, असं ते कलम सांगतं.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. गोळ्यांवरच्या बंदीचा विषय आला की दमदम गोळीची आठवण होते. ती आपल्याच देशातली: कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात 1890च्या दशकात ब्रिटिशांनी रायफलच्या गोळीचं टोक आवरणाबाहेर उघडं ठेवलं, म्हणजे शरीरात शिरताच ती पसरेल. 1899च्या हेग जाहीरनाम्यानं अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आणली. पण अमेरिकेनं त्या जाहीरनाम्यावर सही केली नव्हती, त्यामुळे जर्मनीला तिथून पकडता येणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी 'अनावश्यक यातना' हे सर्वसाधारण कलम धरलं.

अमेरिकी लष्कराच्या कायदा खात्याचे तेव्हाचे कार्यवाह प्रमुख ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल अ‍ॅन्सेल यांनी 26 सप्टेंबरला दिलेलं मत मला आजही नेमकं वाटतं. त्यांचा मुद्दा असा की धावून येणाऱ्या एकापेक्षा जास्त शत्रूंना एका बारात थांबवणं हा शॉटगनचा हेतू आहे, आणि तो हेतू श्रॅपनेलच्या, म्हणजे आत छोट्या गोळ्या भरलेल्या, तोफगोळ्याचाही आहे, मशिनगनच्या फवाऱ्याचाही आहे. छर्ऱ्याचा व्यास रायफलच्या गोळीहून फारसा जास्त नाही, वजन तर बरंच कमी. मग श्रॅपनेल चालतं आणि छर्रे चालत नाहीत, हे कसं? दोनच दिवसांनी, 28 सप्टेंबरला, परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी जर्मनीला उत्तर दिलं: या कलमानं शॉटगनला मनाई होत नाही, आणि एकाही अमेरिकी कैद्याला या कारणानं मारलं तर अमेरिका जशास तसं उत्तर देईल. त्या कारणासाठी एखाद्या अमेरिकी सैनिकाला मारल्याची नोंद नाही. सहा आठवड्यांत युद्धच संपलं.

कारागीर म्हणून माझंही मत अ‍ॅन्सेल यांच्याच बाजूचं आहे. शिशाचा गोल छर्रा हाडाला लागला तर चेपतो, जखम वाईट होते, यात शंका नाही. जवळून एकाच वेळी नऊ छर्रे लागलेला माणूस वाचणं कठीण. पण त्याच खंदकांत तोफगोळ्याचे धारदार तुकडे माणसाचं जे करत होते त्यापुढे ही जखम वेगळ्या जातीची नव्हती. जर्मन बाजूनं एप्रिल 1915मध्ये ईप्रला क्लोरीन सोडला होता, आणि त्याच वर्षी ज्वाला फेकणारी यंत्रं आघाडीवर आणली होती. तरीही त्यांचा निषेध निव्वळ ढोंग होता असं मी म्हणणार नाही. शॉटगन ही जर्मनीत शिकाऱ्याची बंदूक. ती माणसावर रोखणं त्यांना हीन वाटलं असेल. शिवाय 1918च्या सप्टेंबरात त्यांची फौज मागे हटत होती, पुढे येणाऱ्या अमेरिकी तुकड्यांचं प्रत्येक हत्यार त्यांना बोचत होतं. आणि छापा घालणारा माणूस एका वळणामागून येऊन तीन-चार जणांना एका दमात पाडतो, ही भीती आकड्यांत मावणारी नसते. निषेधामागे हत्याराच्या संख्येपेक्षा त्या भीतीचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

पण परिणाम उलटाच झाला. 20 हजारांच्या आसपास बनलेल्या, कागदी काडतुसानं अडणाऱ्या एका बंदुकीला या निषेधानं जगभर नाव मिळवून दिलं. निषेध झाला नसता तर आज तिच्याबद्दल फक्त संग्राहक बोलत असते.

हातबाँब उडवण्याबद्दल. चिकणमातीच्या तबकड्या टिपणारे चांगले नेमबाज फौजेत भरती झाले होते, आणि त्यांना हवेतले हातबाँब टिपायला पुढे उभं केलं, अशी कथा सांगतात. मी ती मानत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा काडतुसातच आहे. ती तबकडी शंभरेक ग्रॅमची, ठिसूळ, नखानं टिचकी मारली तरी फुटेल अशी. तिच्यावर मारायला बारीक छर्ऱ्यांचं काडतूस वापरतात, शेकडो छर्रे एकदम जातात, त्यातले दोन-तीन लागले तरी तुकडे होतात. जर्मन दांड्याचा हातबाँब अर्ध्या किलोहून जड, धातूच्या डब्याचा. त्याच्यावर नऊच छर्रे सोडायचे, त्यातला एखादा लागला तरी बाँब जरासा हलेल, फार तर मार्ग थोडा बदलेल. 'उडवला' म्हणण्यासारखं काही होणार नाही. आणि हे सगळं खंदकाच्या अरुंद पट्टीतून दिसणाऱ्या आभाळात, दोन-तीन सेकंदांत. कुणी कधी एखादा बाँब टिपलाही असेल, पण त्या बंदुकीचं ते काम नव्हतं.

शेवटचा प्रश्न: मग रायफलची जागा तिनं का घेतली नाही? कारण खंदकाचं वळण सोडलं तर बाकी लढाई चाळीस यार्डांच्या बाहेरच होते. शिवाय बारा बोअरचं काडतूस जाडजूड. रायफलच्या जितक्या गोळ्या सैनिक पाठीवर वाहू शकतो तितकी ही काडतुसं वाहता येत नाहीत. मॅगझिन भरायचं तेही एकेक काडतूस खालून अंगठ्यानं ढकलत. बाजूच्या साथीदाराची गोळी तिला चालत नाही, तिच्यासाठी वेगळा पुरवठा ठेवावा लागतो. आणि लवकरच सबमशिनगन आली: पिस्तुलाची गोळी, मोठं मॅगझिन, जवळची लढाई. शॉटगनचं जे खास क्षेत्र होतं त्यातलं बरंचसं तिनं घेतलं.

तरी 1897 संपली नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर मरीन सैनिकांनी ती जंगलात आणि पहाऱ्यावर वापरली. तेव्हा जोडीला विंचेस्टरचीच मॉडेल 12 होती, बाहेर घोडा नसलेली, 1912 सालची. या वेळी एम19 नावाचं पूर्ण पितळी काडतूस तयार झालं. 1918चा धडा उशिरा का होईना उपयोगी पडला. त्याच काळात शॉटगनचा एक वेगळाच लष्करी उपयोग झाला, जो मला फार शहाणपणाचा वाटतो: बाँबर विमानांतल्या मशिनगन चालवणाऱ्यांना तबकडीची नेमबाजी शिकवली गेली. उडत्या लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा हे पुस्तकातून येत नाही, ते खांद्यात मुरावं लागतं, आणि त्यासाठी शॉटगनइतका स्वस्त गुरू नाही. पुढे कोरिया, व्हिएतनामपर्यंत जुन्या 1897 अधूनमधून दिसत राहिल्या. 1960च्या सुमारास प्लॅस्टिकचं काडतूस आलं आणि पाण्याची कटकट कायमची मिटली. तोवर 1897चं उत्पादनच थांबलं होतं.

आपल्याकडची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. काश्मीरमध्ये 2010पासून ज्याला लोक पेलेट गन म्हणतात ती दुसरं तिसरं काही नसून बारा बोअरची पंप बंदूकच आहे. फरक काडतुसाचा. तिथे नऊ नंबरचे, सुमारे दोन मिलिमीटरचे शेकडो छर्रे एका बारात जातात, जमाव पांगवण्यासाठी. बारीक छर्रा जीव घेत नाही, असा त्यामागचा विचार. पण इतका बारीक छर्रा जवळून डोळ्यात गेला की डोळा जातो, आणि पसाऱ्यावर कुणाचाच ताबा नसतो. 2016च्या उन्हाळ्यात तिथे मुलांसह कित्येकांचे डोळे गेले. मग केंद्रानं पर्याय शोधायला समिती नेमली आणि तिखटाच्या अर्कासारख्या पदार्थाचे पावा गोळे पुढे आले. हेगचं कलम दोन सैन्यांतल्या युद्धासाठी आहे, नागरिकांच्या जमावाला ते लागू होत नाही. पण या धंद्यातला माणूस म्हणून मी एवढं ठामपणे सांगतो: आवळ नसलेल्या नळीतून सुटलेले छर्रे कंबरेखालीच लागतील अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. ज्यानं कागदाच्या पाटीवर एकदा तरी पसारा मोजला आहे त्याला हे ठाऊक असतं.

आता ज्यांना एखाद्या संग्रहालयात किंवा लिलावाच्या फोटोत ट्रेंच गन बघायला मिळेल त्यांच्यासाठी. नकली फार आहेत. साधी शिकारी 1897 घ्यायची, नळी कापायची, नवा पत्रा आणि संगिनीचा जोड विकत घेऊन बसवायचा, की झाली ट्रेंच गन. पत्र्यावरच्या भोकांच्या ओळी मोजा: पहिल्या महायुद्धात सहा ओळी असत, दुसऱ्या महायुद्धात पुढे त्या चार झाल्या. पहिल्या युद्धातल्या बंदुका साधारणतः एकसंध चौकटीच्या, दुसऱ्या युद्धातल्या नळी वेगळी होणाऱ्या. सहा ओळींचा पत्रा चढवलेली, नळी वेगळी होणारी बंदूक 1918ची म्हणून दाखवत असतील तर आधी नंबरावरून उत्पादनाचं साल काढा. नळीचं तोंड बघा, कापल्याची खूण असते. आणि संगिनीच्या जोडाचे स्क्रू ज्या खोबणीत बसतात तिथली झीज बघा. खऱ्या जुन्या बंदुकीत नळी आणि जोड यांचा रंग एकत्रच उतरलेला असतो. नव्या जोडाखालची नळी मात्र काळीभोर, तेलानं झाकलेली निघते.